मॅपवर दादाचं दुकान अजून सुरू आहे

आज सकाळी इचलकरंजीहून एक गृहस्थ भजनी मंडळाची बाजाची पेटी घेऊन शिवाजी पेठेत दादाच्या दुकानाच्या दारात आले. म्हणाले,

"मॅपवर पयलं नाव ह्यांचंच आलं की!"

पेट्या दुरुस्त करणारा माझा दादा गेल्या महिन्यात वारला. इचलकरंजी-सांगलीत कुणी शोधलं तरी दुकान वर दिसावं म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला मॅपवरच्या अभिप्रायात आपल्या गावाचं नाव लिहायला लावायचा. ते आता जमलंय.

मॅपवर दुकान 'कायमचे बंद' करायला मी मोबाइल काढला. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की भावजी. लोकं त्यांना इचारत दारात येत्यात. बंद केल्यावर कोण इचारणार?"

मी मोबाइल खिशात ठेवला. गृहस्थ चहा घेऊन, पेटी उचलून परत स्टँडकडे गेले.

उद्या सांगलीहून कुणी येईल. तुम्ही काय केलं असतं?