अनुकंपावाल्या बाई

देव दयाळू आहे असं कुणी म्हटलं की त्या वर्षी मला तिथून उठून जावंसं वाटायचं. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. दुपारपाळीला निघताना बूट घालायला वाकले आणि तसेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी तिसरीत, सासूबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, आणि मी जेमतेम तिशी ओलांडलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

पुढे त्यांच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर कारकुनाची नोकरी मिळाली. तिच्यावरच घर चाललं, त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण ऑफिसात माझं नावच ते पडलं. "कोण? त्या अनुकंपावाल्या बाई का?" म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसे. मी मात्र दिवसभर तो शब्द अंगावर वागवत फिरे. कॉलनीतल्या बायका मला हळदीकुंकवाला टाळत आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर खीर आणून देत. खिरीपेक्षा त्यांच्या डोळ्यांतली कीव जास्त गोड असे, ती घशाखाली उतरत नसे. साहेब सहानुभूतीने बोलत, म्हणजे आवाज खाली आणून बोलत आणि मधेच घड्याळ बघत. नणंद दया करायची, आणि केल्याचं चारचौघांत सांगायचीही. माणसं सगळी चांगलीच होती. तरी प्रत्येक वेळी वाटे, मी खाली खड्ड्यात आहे आणि कुणीतरी काठावरून वाकून बघतंय. देवाचंही तेच. करुणाकर म्हणवतो, पण तोही वरूनच बघतो. मी दिवा लावणं सोडलं. सासूबाई चाचपडत लावत.

वर्षश्राद्ध झालं आणि माझ्यातलं उरलंसुरलं बळ सरलं. श्रावणातल्या एका सोमवारी मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं आणि गंगापूर रोडने नदीकाठच्या सोमेश्वरला गेले. लग्नानंतर आम्ही दोघं तिथे जायचो. देवळात गेले, पण हात जोडले नाहीत. नदीकडे उतरले. धरणातून पाणी सोडलेलं होतं, गढूळ लोंढा खडकांवर आपटत होता. मी तिथे कशाला गेले होते ते आता लिहायला नको. परत यायचं मनात नव्हतं, एवढंच सांगते.

"ताई, तिकडं नको जाऊ. लय शेवाळ हाय."

खडकाला टेकून एक बाई बसली होती. पेठकडच्या पाड्यावरची असावी, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांना वाळलेलं सिमेंट. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "माझा काशीनाथ तिथूनच गेला. काल."

मी थांबले. तिचा मुलगा, मिसरूड फुटलेला, बांधकामावर तिच्याबरोबर काम करणारा, आंघोळीला उतरला होता. कालपासून माणसं खाली काठाकाठाने शोधत होती. ही इथून हलली नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. वर्षभर लोक मला जे बोलत होते ते सगळं तोंडात आलं आणि मी ते गिळलं. तिनेच माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुजा कोण गेला?"

"नवरा."

"कधी?"

"वर्ष झालं."

"आन् तवापासून तू जेवली नाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मग तिने माझा हात धरला. तिचा हात थरथरत होता. रात्रभराच्या गारठ्याने असेल, उपाशीपणाने असेल. थोड्या वेळाने माझाही हात थरथरू लागला, मग खांदे, मग सगळं अंग. मी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडले, आणि तीही. शाळेत मला संस्कृत होतं. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याबरोबर आपणही कापणं. हा अर्थ मला ठाऊक होता, पण तो तिथे, त्या ओल्या खडकावर, मला कळला.

तिच्या शेजारी फडक्यात नागलीची भाकर होती, बरोबरच्या बायकांनी ठेवलेली, न शिवलेली. "मला घास उतरत नाय," ती म्हणाली. "तू खा. तू खाल्ला तर मी बी खाईन." मी तुकडा मोडला. तिनेही मोडला. कोरडी भाकर आम्ही दोघींनी पाण्याकडे बघत चावली.

उन्हं कलल्यावर खालून हाका आल्या. ती उठली. मी तिला कमरेला धरून नेलं. काशीनाथला त्यांनी गवतावर ठेवलं होतं. तिने त्याच्या तोंडावरचा चिखल पदराने पुसला आणि त्याला घरी चल म्हणाली. तिच्या माणसांनी तिला गाडीत बसवेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून होते. ते पेठच्या रस्त्याने गेले. तिचं नाव मी विचारलंच नाही.

घरी आले तेव्हा काहीच बदललं नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं जडच गेली, आणि तिची तर माझ्याहून जड गेली असणार. त्या दिवशी महादेवाने मला वाचवलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचं तर त्याने काशीनाथला का नाही, हे विचारावं लागेल, आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण स्वतःच्या लेकराची वाट बघत बसलेल्या त्या आईने वर मान करून माझ्याकडे पाहिलं. त्या कणवेपुढे माझं डोकं आपोआप टेकतं. आता सोमेश्वरला गेले की मी आधी खाली नदीवर जाते, मग देवळात. हात जोडते. माझं दुःख ने, असं मागत नाही. ते त्याच्या पायाशी ठेवते आणि एवढंच म्हणते, देवा, ज्याचं कुणी गेलंय त्याच्याजवळ मला बसता येऊ दे.