बाबांच्या दाताचा क्राऊन

डॉक्टर, वकील आणि गॅरेजवाला यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. समोरचा मध्येच इंग्रजी शब्द टाकू लागला की पाणी कुठंतरी मुरतंय, असं मला वाटतं. आणि मी शाळेत शिकवतो इंग्रजीच.

चंद्रपुरात बाबांच्या सुळ्यामागच्या दाताचं रूट कॅनाल झालं. "आता क्राऊन बसवून घ्या, नाहीतर जोर पडला की दात फुटेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाबा गावच्या तलावात मासे धरतात. फाटलं जाळं विणताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दोऱ्याचं एक टोक ते त्याच दातात धरतात आणि गाठ आवळतात. दात गेला तर जाळं अडणार, हे मला पक्कं माहीत होतं.

"क्राऊन म्हंजे काय गा?" जिन्यातच बाबांनी विचारलं.

"राजाचा मुकुट."

"मंग मले कायले?" ते हसले.

मला मात्र संशय आला. बल्लारपूरला घरी आल्या आल्या शब्दकोश काढला. मुकुट होताच. डोक्याचा माथा क्राऊन, इंग्रजांचं सरकारही क्राऊन. छापखान्यात कागदाच्या एका आकाराला तेच म्हणतात आणि फॉरेस्ट गार्ड सागाच्या शेंड्याच्या पसाऱ्याला. शेवटी सापडलं: हिरडीबाहेर दिसणारा दाताचा भाग. झालं! देवानं दिलेला क्राऊन तोंडात असताना ही बाई वर दुसरा चढवू पाहते, असा मी निकालच देऊन टाकला.

"जायचं नाही, बाबा. फसवतात."

"तू पुस्तकात पाह्यलं ना? मंग बराबर असन," म्हणून ते गावी गेले.

दोनेक महिन्यांनी गावी ओसरीत जाळं विणताना बाबांचा तो दात उभा चिरला. मी बाबांना घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. दात काढावाच लागला.

"सांगितलं होतं ना? क्राऊन म्हणजे दात फुटू नये म्हणून वर घालायची टोपी. का नाही बसवला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं पाहत राहिलो.

बाबा तोंडातला कापूस सावरत म्हणाले, "मलेच भेव वाटलं, बाई. पोरगा तं चाल म्हणून मांगंच लागला होता."