मायचं स्पॅनिश

सरांचा राग मला आजही येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

लोह्याजवळच्या आमच्या गावातून मी मोबाइलवर स्पॅनिश शिकत होते. क्लास पुण्याचा. शेवटची तोंडी परीक्षा पास झाले तर नोकरीसाठी नाव पुढं जाणार होतं. रेंज फक्त पुढच्या खोलीत, आणि तिथंच माय दुपारची डाळ निवडत बसायची.

त्या दिवशीचं वाक्य होतं 'मे गुस्ता एल ते'. मला चहा आवडतो. बस, एवढंच. पण सर ते इंग्रजीतून समजावून राहिले होते. म्हणे हे वाक्य उलटं आहे, क्रियापद माणसाच्या नाही, चहाच्या मागं जातं, पाठच करा. सगळी पोरं चुकत होती. मीही. सर सांगत होते ते मी स्वतःशीच मराठीतून पुटपुटत होते.

मायनं सुपातून मान वर केली. "उलटं काय हाय त्यात? आपल्यात बी तसंच की. चहा आवडतो, वांगी आवडत्यात. एक हाय का लई हायत, तेवढं बघायचं. त्यात तुझं काय हाय?"

खरंच की. एका वांग्याला गुस्ता, पाच वांग्यांना गुस्तान. तासाभराचा घोळ तिनं डाळ निवडता निवडता मिटवला.

माझा माइक चालू राहिला होता. सर म्हणाले, "मागं हे गावठी कोण बोलतंय? म्यूट करा, क्लासचं वातावरण खराब होतं." पोरांनी हसरे चेहरे टाकले. आणि मी काय केलं? 'सॉरी सर' म्हणाले आणि मुकाट्यानं माइक बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या वेळी माय सूप घेऊन गोठ्यात जाऊन बसू लागली. देगलूरच्या बाजारात तेलुगू, कानडी गिऱ्हाइकांना पुरून उरलेली बाई ती. तिला स्वतःच्या घरात बोलायची चोरी झाली. सर मराठी, पोरं मराठी, मग एका मराठी वाक्यानं कुणाचं काय बिघडत होतं? अंगाची नुसती लाही व्हायची माझ्या.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तेच वाक्य विचारलं. मी चहा आणि वांगी सांगून मोकळी झाले. सर खूश. "इतकं सोपं करून कुणी शिकवलं?"

मार्क त्यांच्या हातात होते. तरी म्हटलं, "माझ्या मायनं. तुम्ही गावठी म्हणालात ना सर, तीच."

सर म्हणाले, "ठीक आहे, पुढचा प्रश्न."

मी पास झाले. तशीच गोठ्यात गेले, मायला सगळं सांगितलं. सोमवारपासून नोकरीच्या तयारीचा वर्ग सुरू होतोय, आता घरातच बसायचं, म्हटलं.

माय डाळीतला खडा शोधत राहिली.

"नको बाई. मागं माझ्यापायी तुला माफी मागावी लागली."