कांताबाईच्या नावाचा फोन

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही कोंबडीनं उकरल्यासारखं येतं. चौथीपर्यंत शिकले, तेही तुमसरकडच्या माहेरच्या गावात. लग्न होऊन इकडे मध्य प्रदेशात, वारासिवनीला आले, आणि तेव्हापासून लिहायचं म्हणजे फक्त सही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं — असं लिहून माफी मागणार होते. पण हीच माफी मी आधी एकदा वापरली आहे. ती वापरून एका बाईचं नुकसान केलं आहे. म्हणून आता मागत नाही. चुका दिसतील, त्या असू द्या.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरच्या माणसाला नाही, नागपूरच्या लेकीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही — हे खरं आहे, आणि हेच मला पुढे उपयोगी पडलं.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. चार बायकांत बसले तरी खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत बसते. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘जेवल्या का?’ तर उपाशी असले तरी ‘हौ’ म्हणते. अशा बाईला फोन कशाला हवा? तर नातू झाला होता. लेक म्हणाली, आई, मोठा फोन घे, बाळाचं तोंड तरी दिसेल.

भिंतीपलीकडे कांताबाई राहते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. पोरं तिला कांतामाय म्हणत. बाजारात कुणाचं पोर लांबून ‘कांतामाय, आज भाजी कोणती?’ असं ओरडलं की ती पिशवी खाली ठेवून सगळी भाजी सांगत बसायची. तिच्या भावानं तिला एक मोठा फोन दिला होता आणि ती त्याला वैतागली होती. “दिवसभर टुंग टुंग करते मेला. चुलीजवळ ठेवला तं तापते, कपाटात ठेवला तं तिथून बोंबलते. तू ने वो सुमन. पैसे हळूहळू देजो.”

सिम नवीन घ्यायला गेले तर माझा अंगठाच उमटेना. सुईनं आणि भांड्यांनी बोटं घासून गेलेली. दुकानातल्या पोरानं तीनदा पुसून लावून पाहिला आणि म्हणाला, “काकी, आपका तो निशान ही नहीं है.” मग कांताबाई म्हणाली, सिमही त्यातच राहू दे, मी माझं बटनवालं वापरते. तर फोन आला तो तिच्या नंबरासकट आला, तिच्या फोटोसकट — डोक्यावर पदर, हसताना एक दात आत गेलेला. आणि आमच्या वॉर्डाच्या ग्रुपसकट.

“पाह्यजो फक्त,” कांताबाई म्हणाली, “लिहजो नोको काई. नाव माहं हाय त्याच्यावर.”

मी म्हणाले, मला कुठं लिहिता येतं.

तो ग्रुप तुम्ही पाहायला हवा होता. सकाळी फुलं आणि देव. चहा झाला की दिल्ली. कोण पडणार, कोण येणार, कुणी देश विकला, कुणी वाचवला. आमच्या वॉर्डात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, पण दिल्लीवर सगळे तुटून पडतात. आणि मध्येच कुणाचा तरी फोन बिघडलेला. एक जण लिहितो, “माहा मोबाइल लटकून राह्यला.” दुसरा विचारतो, “आंब्याले का कडुनिंबाले?” एकानं लिहिलं, आता सरकार बदललंच पाहिजे. त्याच्या मेहुण्यानं खाली टाकलं, “पयले तुया चार्जर बदल जवाई, मंग सरकार बदलजो.” आणि किराणावाले काका — कशालाही त्यांचं एकच उत्तर. फोन गरम होतो? बंद करून चालू करा. आवाज येत नाही? बंद करून चालू करा. एकदा संसदेच्या भांडणावर सगळे हातघाईवर आले, तिथंही काकांनी तेच लिहिलं. मी फॉल लावता लावता एवढी हसले की सुई बोटात गेली.

मला तिथं बसल्यासारखं वाटायचं. पुरुषांच्या बैठकीत, खुर्चीवर, आणि माझ्याकडे कुणी बघत नाही.

मग मला तो माइक सापडला. दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. फोनमध्ये भाषा हिंदी होती आणि मी बोलायचे आपली घरची बोली, त्यामुळे काहीतरी वेडंवाकडं यायचं, पण यायचं. पहिल्यांदा मी फक्त ‘गॅस महाग झाला’ एवढं बोलले आणि पाठवलं. लगेच दोन अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, “सही बात, कांताबाई.”

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? माझ्या जन्मात मला कुणी ‘सही बात’ म्हटलं नव्हतं, हो. ते दुसरीच्या नावानं म्हटलं, तरी कान माझेच होते. मग मी अधूनमधून बोलत गेले. दार लावून, मशीन बंद करून, हळू आवाजात. तेलावर बोलले. खोट्या आश्वासनांवर बोलले. कांताबाईला रस्त्यात कुणी म्हणायचं, “बाई, बऱ्या बोलता आजकाल,” तर तिला वाटायचं माणूस मस्करी करतो आहे. ती हसून पुढे जायची. मला हे ती स्वतःच सांगायची. मी ऐकून घ्यायचे. तिथंच सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. मला ते सोडायचं नव्हतं.

आता जे सांगायचं ते येतंच आहे. टाळत नाही.

शाळेच्या जेवणाची जी समिती, तिचे अध्यक्ष त्याच ग्रुपवर होते. त्यांच्या शब्दावर रांधणाऱ्या बाया राहतात नाहीतर जातात. एके दिवशी भिंतीपलीकडून कांताबाई हळूच म्हणाली होती, “दोन दिसाची दाळ तीन दिस पुरवाले लावते वो हे. पाणी वाढवा लागते मले. पोरं वाटी पाह्यते अन् माह्या तोंडाकडं पाह्यते. कोनाजवळ बोलजो नोको.” मी म्हणाले, मी कुणाजवळ बोलते का कधी?

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांनी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. देशासाठी प्रत्येकानं थोडी कळ सोसावी, एक घास कमी खावा, वगैरे. दुपार होती. मी पिकोला बसले होते. वाचलं, आणि डोक्यात काहीतरी चढलं. माइक दाबला आणि म्हणाले, “काहून सांगून राह्यले आमाले? पयले शाळेची दाळ पाहा.”

आमच्याकडे ‘काहून’ म्हणजे का, कशाला. पण त्या हिंदी फोनला काहून काय कळणार? त्यानं लिहिलं — ‘कानून’. कानून सांगून राहिले आम्हाला, पहिले शाळेची दाळ पाहा. मी विचारलं होतं, तिथं दटावणी उमटली. जणू रांधणारी बाई भर ग्रुपात अध्यक्षांना म्हणते आहे, आम्हाला कायदा शिकवू नका, तुमची चोरी बघा.

पाठवल्यावर वाचलं. पण सगळं फोनवर ढकलत नाही. कानून फोनचा होता, दाळ माझी होती. दाळीचं मी जाणूनच बोलले होते.

भराभर हसरी तोंडं आली. “वा कांताबाई!” “आज तं फोडलं!” अध्यक्षांनी काहीच लिहिलं नाही. मी मशीन थांबवली. मिटवायचं कसं ते लेकीनं एकदा दाखवलं होतं — बोट दाबून धरायचं. धरलं. फोननं हिंदीत विचारलं, ‘सभी के लिए’ मिटवू, की ‘मेरे लिए’? मला वाटलं, सभी के लिए म्हणजे सगळ्यांचं सगळंच जाईल. लोकांची फुलं, देव, नातवंडांचे फोटो. ते पुसायचा मला काय अधिकार? आणि मेरे लिए — ते मला विनंतीसारखं वाटलं. बाबा, माझ्यासाठी एवढं कर. मी तेच दाबलं. ओळ गेली. मी देवाला हात जोडले आणि पुन्हा मशीन सुरू केली.

ती फक्त माझ्या फोनातून गेली होती. बाकी सगळ्यांकडे होती, कांताबाईच्या फोटोखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाई शाळेतून लवकर परत आली. सरळ माझ्या दारात. रागानं नाही, घाबरलेली होती. “सुमन, तुया फोनातून काई गेलं का वो? ते अध्यक्ष म्हणते, नाव तुमचं, फोटो तुमचा, मंग का भूत लिहून गेलं?”

मी फोन तिच्यापुढे धरला. ग्रुप उघडून वर-खाली करून दाखवला. “पाहा ना कांताबाई, माह्या इथं तं काहीच नाही.” आणि खरंच नव्हतं. मग — हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं — मी म्हणाले, “अन् मले कुठं लिहता येते? चौथी शिकली मी. सही करताना हात कापते माहा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझा हातच हातात घेतला. तो खरंच कापत होता. “मले मालूमच होतं वो,” ती म्हणाली. “हॅक झाला असन. आजकाल होते म्हणते तसं.”

अंगणात माझे घरचे बसले होते, तेही म्हणाले, “हिले? हिले तं फोन उचलाले भेव लागते.” ते माझ्यावर हसले. मीही हसले. मला त्या हसण्याचा आडोसा मिळाला.

समितीनं तिला बोलावलं. तिनं तिथं हॅकचंच सांगितलं. फोन विकला आहे, माझ्याकडे आहे, हे सांगितलं असतं तरी तिची सुटका झाली असती. परत आल्यावर म्हणाली, “तुयं नाव नाही घेतलं म्या. तू त्या मानसाईसमोर का बोलली असती? मरूनच गेली असती तू.” मी तेव्हा काय केलं माहीत आहे? चहा केला. तिच्या कपात साखर जास्त घातली.

ग्रुपमधून तो नंबर काढून टाकला. माझ्या हातातल्या काचेवर ओळ आली की आता तुम्ही या ग्रुपमध्ये नाही. काढलं मला, आणि नाव गेलं तिचं. महिना संपताना तिला शाळेत यायचं नाही म्हणून सांगितलं. तिच्या जागी दुसरी बाई लागली. दाळ तेवढीच पातळ राहिली असं पोरं सांगतात.

कांताबाई त्या पावसाळ्यात परसवाडा गावाकडे चिखलात वाकून धानाच्या रोवणीला गेली. कंबर दुखायची तिची. नंतर एका मिलच्या अंगणात धान पसरायला लागली. बाजारात पोरं भेटली की अजूनही कांतामाय म्हणतात, पण भाजी कोणती ते कुणी विचारत नाही. एकदा एक लहानगी विचारायला गेली, तर तिच्या आईनं तिचा हात ओढला. मी मागेच होते, पिशवी घेऊन. कांताबाईनं मला पाहिलं आणि म्हणाली, “चाल वो, ऊन होऊन राह्यलं.”

सांगायला किती वेळा जागा होती! भिंत केवढी — माझ्या खांद्याएवढी. रोज संध्याकाळी ती पलीकडे भांडी घासायची, मी अलीकडे. मी तोंड उघडायचे आणि ‘आज वांगे कसे दिले?’ असं काहीतरी निघायचं. लाजाळू होते म्हणून सांगितलं नाही का? नाही. लाजाळू बाई त्या माइकवर बोललीच ना. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

फोनचे पैसे मात्र मी चुकवत राहिले. दर महिन्याला साड्यांचे आले की आधी तिचे बाजूला. काही महिने ती त्या पैशांची वाट पाहायची, हे मला दिसत होतं. मी हातावर ठेवले की ती म्हणायची, “बरं झालं वो, तेल संपलं होतं.” आणि मी घरी येऊन स्वतःला भली समजायचे. खरंच समजायचे.

शेवटचे पैसे मागच्या बाजाराच्या दिवशी दिले. ती अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी नोटा पुढे केल्या. तिनं मोजल्या नाहीत, कमरेला खोचल्या. सूप खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. तिला ठाऊक आहे का? मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

“झालं वो सुमन,” ती म्हणाली. “आता तुयाकडं माहं काईच नाही राह्यलं.”

मी म्हणाले, “हौ.”

पैसे पूर्ण फिटले.