दत्तामामांचे चांगले दिवस

दत्तामामा गल्लीतून निघाले की चालता चालता गल्लीचंच समालोचन करायचे. "पाटीलवैनींनी पिशवी घिऊन मध्यरेषा वलांडलीया... समोरनं सायकल... वैनींनी सायकलीला चकवलंय... आनि थेट भाजीवाल्याच्या गोलात!" पाटीलवहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या, भाजीवाला टाळ्या वाजवायचा आणि मामा पुढच्या दाराकडे वळायचे.

शिवाजी पेठेत आमच्या घरासमोर त्यांचं मिरची कांडपाचं मशीन होतं. उन्हाळ्यात वर्षभराची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, करायला येणाऱ्या बायकांची तिथे रांग लागे. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मात्र मशीन शालनमामींवर टाकून मामा मैदानावर माईक धरायचे. त्यांच्या समालोचनासाठी म्हणून सामन्याला येणारे लोक मी पाहिले आहेत. "आज मामा फॉर्मात हाय," असं कुणीतरी म्हणायचं आणि मैदान खूश व्हायचं.

फॉर्म जायचाही. वर्षातून कधीतरी मशीनचं शटर खाली यायचं आणि मामा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दाढी वाढायची, अंघोळ सुटायची. मी भेटायला गेलो की ते उठून बसायचे, तेवढ्यानंच दमायचे. एकदा मी विचारलं, "काय होतंय मामा?" बराच वेळ ते शब्द शोधत राहिले. एरवी शब्द त्यांना शोधत यायचे. शेवटी म्हणाले, "दुखत काईच न्हाई रं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. हितं दुखतंय, म्हनून दावता आलं असतं."

मामांचे थोरले भाऊ म्हणायचे, आळस भरलाय. कुणी अंगारा आणून दिला. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. शेवटी शहरातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून नैराश्य आहे असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. आजाराला नाव मिळालं म्हणून मामींना हायसं वाटलं. गोळ्यांनी गुणही आला. मामा उठले, दाढी केली, शटर वर गेलं.

पण उठलेले मामा थांबेनात. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. मिरचीची पोती आणून त्यांनी दारात थप्पी लावली आणि पेठेतल्या प्रत्येक घराला यंदाची चटणी आपल्यातर्फे फुकट, असं जाहीर केलं. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात उडी मारायचे; मधला दुवा आम्हाला सापडायचा नाही. मामींनी अडवलं तर त्यांच्या अंगावर धावून गेले. त्याआधी त्यांनी मामींवर कधी आवाजही चढवला नव्हता.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली त्या दिवशी भर पावसात ते स्कूटरवरून निघून गेले. दुपारी सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. पाणी बघायला आलेल्या गर्दीपुढे मामा कठड्यावर चढून उभे आहेत, चिंब भिजलेले, आवाज पार बसलेला, आणि पाण्याचं समालोचन करताहेत. "पानी निघालंय पावनं... कुनाच्याच्यानं अडत न्हाई... बचावफळी फुटलीया..." खाली लोक शिट्ट्या मारत होते. पेठेत ज्यानं त्यानं तो व्हिडिओ पुढे पाठवला. नादखुळा मामा, म्हणाले सगळे.

मामी मला म्हणाल्या, "आवाज बंद कर आनि बघ." मी आवाज बंद केला. पायाखाली निसरडा कठडा, मागे फेसाळतं पाणी, आणि मामांचे डोळे. त्या डोळ्यांत गंमत नव्हती. पळणाऱ्या माणसाचे डोळे होते ते.

आम्ही गाडी करून गेलो आणि त्यांना घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्या डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी मामींना एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता. "ते पडून असतात तेव्हाचं सांगितलंत. चांगले असतात तेव्हाचं सांगा. या गोळ्या सुरू व्हायच्या आधी, अगदी चांगल्या दिवसांत, झोपायचे किती?"

मामींना एकेक आठवत गेलं. झोपेशिवाय गेलेले दिवस. घरात न विचारता ठरवलेल्या सहली. आधी अंगावर ओढून घेतलेली आणि मग अर्ध्यावर सुटलेली कामं. "पन बाई, ते तर खुशीत असायचे. खुशीत असल्यावर दवाखान्यात कोन आनतंय?"

"तीच अडचण होते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही त्यांना फक्त पडलेले असताना आणलंत, त्यामुळे अर्धाच आजार दिसला. याला दोन टोकं आहेत. उदासीही त्याचीच आणि हा जोरही त्याचाच. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी कधी कधी असा माणूस दुसऱ्या टोकाला जातो."

औषधं बदलली. काही आठवड्यांनी मामा नीट ऐकण्याच्या स्थितीत आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही हे सगळं समजावलं. मामा खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बाई, लोकांना माझं जे आवडायचं, त्येबी आजारच व्हय?"

"सगळं नाही. तुमची गंमत तुमची आहे."

"मग ह्याची वाटनी कोन करनार? कुटलं माझं, आनि कुटलं त्याचं?"

"ते तुम्हालाच हळूहळू कळेल," डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

नव्या गोळ्यांनी हात किंचित थरथरायचे, तहान फार लागायची, वरचेवर रक्त तपासावं लागायचं. मामांनी गोळी चुकवली नाही. पुढच्या हंगामात ते पुन्हा माईकवर बसले. समालोचन चांगलं झालं. खेळ नीट कळत होता, खेळाडूंची नावं चुकत नव्हती. पण मध्यंतराच्या आधीच गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा, झोपलाईस काय? जरा वाढव की!" लोक हसले. मामांनी सामना संपेपर्यंत माईक सोडला नाही, आणि त्यानंतर पुन्हा कधी हातात घेतला नाही.

मी समजूत काढायला गेलो, तर मिरच्यांची देठं खुडत म्हणाले, "मी आता बचावात खेळतो बाबा. गोल होत न्हाईत, म्हनून लोकास्नी मजा येत न्हाई. त्यांचं बी बरोबर हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "मला बी कवा कवा त्याची आठवन येतीया. धरनावरच्या त्याची. लई उजेड हुता रं त्याच्याकडं." एवढं बोलून त्यांनी देठं गोळा केली आणि आत गेले. त्या उजेडाची किंमत त्यांना माहीत होती, तरी तो जाण्याचं दुःख त्यांनी एकट्यानंच सोसलं.

पुढची वर्षं शांत गेली. रोज सकाळी मशीन, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी मामींबरोबर रंकाळ्यावर फेरी. पेठेत मात्र त्यांच्याविषयी बोलताना लोक भूतकाळ वापरू लागले होते. "काय माणूस होता!" म्हणायचे, आणि मामा समोरून जात असायचे.

गेल्या हिवाळ्यात सकाळी चहा पिताना ते कलंडले. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तालमीत शोकसभा झाली. एकेकजण उठून बोलला, आणि प्रत्येकानं धरणाचा किस्सा सांगितला. फुकट चटणीचा सांगितला. लोक रडता रडता हसत होते. शेवटी कुणीतरी मामींकडे बघितलं. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. कोल्हापुरी बायका बोलतात तशा, पुरुषी क्रियापदात, त्या बोलल्या.

"मी दोनच शब्द बोलतो. तुमी सांगितलेलं सगळं खरं हाय. पन ते दिवस तुमाला मिळाले. घरात मी रोज भ्यायलेला असायचो. सकाळी उठून आदी तोंड बघायचो, आज कोन उठलंय म्हनून. गोळ्या लागू झाल्या, तवापास्नं रोज एकच मानूस उठाय लागला. च्या मागायचा, पेपर वाचायचा, माझ्यासंगं भांडायचा बी. तुमाला वाटलं, दत्तामामा संपले. माझा संसार तवा कुटं सुरू झालता."

त्या खाली बसल्या.