अपठित कवितेचा प्रश्न

बारावीला मी मराठी साहित्य घेतलं ते बाबांच्या हट्टापायी. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तोवर माझ्या शाळेत मराठी शिकवायला बाई होत्या. मग बाबांनी फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला आणि अकरावीपासून मी तिथल्या नव्याकोऱ्या शाळेत जाऊ लागले. तिथे कॉम्प्युटरची लॅब होती, मराठीच्या बाई नव्हत्या. "विषय ठेवायचा तर ठेवा, तयारी तुमची तुम्ही करा," असं प्रिन्सिपल मॅडमनी हिंदीतून सांगून टाकलं. वर्गातल्या मुली नव्याने आलेल्या परदेशी कंपन्यांच्या आणि त्यातल्या नोकऱ्यांच्या गोष्टी करायच्या. "मराठी? उससे क्या होगा, यार?" बाबा म्हणायचे, "घरात बोलतेस की रोज. याहून सोपा विषय कुठला?"

आम्ही घरात बोलायचो त्यात निम्मी हिंदी असायची. पुस्तकातल्या कवितांमधली अवजारं, झाडं, नाती मला शब्दकोशात शोधावी लागत, आणि अर्थ सापडला तरी ती वस्तू डोळ्यांपुढे येत नसे. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी स्वतः शंभर मार्कांचा पेपर काढला. मला अठ्ठावीस पडले. त्यांनी पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढच्या रविवारी एका माणसाला घरी घेऊन आले.

तो सांगलीकडच्या एका खेड्यातला. करोल बागेत खोली घेऊन आयएएसच्या परीक्षेची तयारी करत होता. वय तिशीला टेकलेलं, प्रयत्न शेवटचा, आणि विषय मराठी साहित्य. महाराष्ट्र मंडळातल्या वाचनालयात बाबांची त्याच्याशी ओळख झाली होती. आईने नाव विचारलं. ते मुसलमानी निघालं तेव्हा ती म्हणाली, "मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

तो हसला. "काकू, मला लहानपणापासून हीच येते. हिंदी इथं येऊन शिकलो."

मी त्याला दादा म्हणायला लागले. दर रविवारी तो बस बदलत आमच्याकडे यायचा. कविता दोनदा वाचायचा आणि मला डोळे मिटायला लावायचा. "अर्थ नको सांगू. काय दिसतं ते सांग."

"काहीच नाही दिसत, दादा."

मग तो सांगायचा. उसाला पाणी सोडल्यावर मातीचा वास कसा बदलतो, त्याची आई भाकरी थापताना कुणाशी बोलते, असं काहीबाही. अभ्यासातलं वाटायचं नाही, पण घरी लिहायला बसले की हात चालायचा. जानेवारीत मी शब्दकोश न उघडता दोन पानं उत्तर लिहिलं. ते त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सुधारतेय असं त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा वाटलं, आणि शेवटचंही.

मार्चच्या सुरुवातीला त्याच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला. बाबांनी पेपरातल्या यादीत त्याचा नंबर तीनदा शोधला. नव्हता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता अपठित कविता कोण शिकवणार? न पाहिलेली कविता देऊन तिचं रसग्रहण करायला सांगायचे, आणि त्याला वीस मार्क होते.

त्या रविवारी तो आला तेव्हा बाबा घरी नव्हते. दाढी वाढलेली होती. आईने पोहे दिले, ते तसेच राहिले. पुस्तक उघडून तो खिडकीबाहेर बघत बसला.

"दादा, अपठित राहिलंय. दहाच दिवस उरलेत."

"हं. आज नको."

"मग कधी?"

तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. मी चिडले. "तुमचं झालं नाही म्हणून माझं तरी बुडवू नका ना!"

आतून आई ओरडली, "अगं!" त्याने पुस्तक मिटलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाला, आणि चपला घालून गेला. दारातून त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. "जाऊन माफी माग," आई म्हणाली. अभ्यास आहे म्हणून मी टाळलं.

मराठीच्या पेपरला माझ्या केंद्रावर आम्ही तिघंच परीक्षार्थी होतो. अपठित कवितेत एक म्हातारा बऱ्याच वर्षांनी गावी परततो आणि पाणंदीतून चालत जातो. 'पाणंद' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा एक दिवसाआड टँकर यायचा आणि बाल्टी भरली की बायका खरंच हसायच्या. पाणी आणि आनंद, मला लख्ख कळलं. म्हातारा पाण्याच्या आनंदातून चालतो, असं धरून मी अडीच पानं लिहिली. इतकं मनापासून मी कधीच काही लिहिलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाणंद म्हणजे शेतांमधली वाट गं. दोन्हीकडे बांध असतात, मधून बैलगाडी जाते." मग म्हणाले, "दादाने कधी सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले. आई ऐकत होती. तिने बाबांचा कप उचलून आत नेला.

मराठीत एकोणचाळीस आले. घरच्या भाषेत. त्या एका विषयाने टक्के इतके खाली ओढले की मला हव्या असलेल्या इंग्रजी साहित्याला कुठल्याच कॉलेजात नाव लागलं नाही. मी पत्राद्वारे बी.कॉम.चा फॉर्म भरला. बाबांनी सही केली, फॉर्म वाचला नाही.

जूनमध्ये एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर थरथरतं, पण नेटकं. दादाच्या वडिलांचं होतं. मुलगा खोल्या बदलतो म्हणून त्याने घरी आमचा पत्ता देऊन ठेवला होता. तुमच्या मुलीला शिकवतो, पोर हुशार आहे असं त्याने लिहिलं होतं, तीन महिने त्याचं पत्र नाही, निकालाचं काय झालं ते कळवावं, आणि काही झालं असलं तरी त्याला घरी यायला सांगावं, असा मजकूर होता.

बाबा आणि मी दुसऱ्या दिवशी करोल बागेत गेलो. घरमालकीण म्हणाली, "वो तो होली से पहले ही चला गया. बोला, गाँव जा रहा हूँ." त्याची पुस्तकं एका पोत्यात जिन्याखाली होती. बाबांनी पोतं रिक्षात घातलं.

घरी आल्यावर बाबांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तू लिही त्यांना. तुला शिकवलंय त्याने."

'तीर्थरूप काकांस' एवढं लिहून मी बसून राहिले. शब्द येत होते, पण प्रत्येक वाक्य त्या रविवारपाशी जाऊन थांबत होतं, आणि ते मी बाबांना सांगितलेलं नव्हतं. शेवटी बाबांनीच निकालाच्या आणि तो गावी निघाल्याच्या चार ओळी लिहिल्या.

तिकडून आणखी दोन पत्रं आली, दोन्हींत एकच प्रश्न, मुलाचा काही पत्ता लागला का. दोन्हींना बाबांनी उत्तरं दिली. त्यानंतर पत्रं थांबली. तो घरी पोचला म्हणून थांबली, की विचारणारे वडील राहिले नाहीत म्हणून, हे लिहून विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाचंच झालं नाही.