रोडलगतच्या मक्यातला फोटो

"या दोघांचे फोटो एकाच वावरातले कसे काय हो?"

तपासणीच्या साहेबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. आमची जीप शिरूर तालुक्यातल्या एका रोडलगतच्या मक्याशी उभी होती.

मी कृषी सहायक. त्या हंगामात मक्याची प्रात्यक्षिकं माझ्याकडे होती. म्हणजे असं, की निवडलेल्या शेतकऱ्याला सरकार बियाणं-खतासाठी अनुदान देतं. तो सांगितल्याप्रमाणे मका करतो. मग तो स्वतःच्या पिकात बोर्ड धरून उभा असल्याचा फोटो आम्ही ॲपवर टाकतो. फोटोबरोबर जागेचं लोकेशनही जातं.

माझ्याकडे बोर्ड एकच. एकाचं नाव खडूनं लिहायचं, पुसायचं, दुसऱ्याचं लिहायचं.

पहिलं नाव या रोडलगतच्या वावराच्या मालकाचं, दुसरं आबांचं होतं. त्यांची मका घोड नदीच्या कडेला. गाडी जात नाही, अर्धा तास चालावं लागतं. फोटोच्या दिवशी मी फोन करून त्यांना रोडलाच बोलावलं.

"आवं भाऊसाहेब, माझी मका हिकडं हाय, आन् मी तिकडं लोकाच्या वावरात कशाला उभा ऱ्हाऊ?"

"आबा, फोटोत सगळी मका सारखीच दिसते. या लवकर."

आबा सायकलवर आले. धुतलेला सदरा घालून.

पुढे मुरघासवाले, म्हणजे हिरवी मका कापून जनावरांसाठी साठवणारे, आबांच्या दारात आले. तेव्हाही मीच आबांना म्हणालो, "कापू नका, तपासणीपर्यंत उभी ठेवा." त्यांनी ठेवली.

आता साहेबांनी आबांना बोलावून घेतलं.

"फोटोत तुम्हीच ना?"

"व्हय."

"शेत तुमचं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोर्डावरचा खडू पुसायला लागलो.

"न्हाई."

"मग इथं उभं राहायला कुणी सांगितलं?"

आबा म्हणाले, "चुकलं साहेब."

साहेबांनी नावापुढे 'बोगस' लिहिलं. अनुदान गेलंच, पुढच्या योजनांतही नाव येणार नव्हतं. आबा सायकल हातात धरून चालत गेले. मी जीपमध्ये बसलो.

आठ दिवस ऑफिसचा फोन वाजला की मला घाम फुटायचा. निलंबनाचाच असणार, असं वाटायचं. नवव्या दिवशी लेखी कबुली घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो.

"आबांना रोडला मीच बोलावलं होतं. त्यांची मका खरी आहे. चला, दाखवतो."

"त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुमचं?" साहेब म्हणाले. पण आले. अर्धा तास चालत आले.

वावरात नुसती धसकटं होती. आबांनी चार दिवसांपूर्वीच मका काढली होती. थांबायचं कुणासाठी?

"काय बघू इथं?" साहेबांनी विचारलं.

बोगस नावांची यादी वर गेली होती. आबांचं नाव परत आलं नाही. मला निलंबन नाही, एक समजपत्र, म्हणजे लेखी ताकीद, आलं, तीन ओळींचं. एवढ्याला मी घाबरलो होतो.

पुढे माझी बदली दौंडला झाली. निघायच्या आधी शिरूरच्या बाजारात आबा भेटले. मी विचारलं, "मका कशी आहे यंदा?"

"हाय की, बरी हाय," आबा म्हणाले. "रोडला आणू का?"

शेजारचे दोघे हसले. आबा हसले नाहीत.

फोटो त्याच शेतकऱ्याच्या शेतात जाऊन काढायचा असतो. परिपत्रकात हे पहिल्याच ओळीत होतं.